हौद बघायला आलेली माणसं

मी माणदेशातली. म्हसवडच्या अंगाला आमचं गाव, गाव म्हंजी तरी काय, थोडी घरं आन् बाकी समदा माळ. आमी धनगर. बा मेंढरं राखायचा, दिवाळी झाली का समदी मेंढरामागं निघायचो, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, ल्हान पोरं, आन् खाली किस्नाकाठच्या उसाच्या गावात कुणाच्या तरी रानात तळ टाकायचा, पाऊस पडाय लागला का परत माळाला. आता तुमी म्हणाल, ही बाई मेंढरांचं काय सांगत बसली, आपल्याला तर त्या जुना सातारा दाखवायच्या कामाचं ऐकायचंय. ताई, ह्ये सांगितल्याबिगर फुडचं तुमास्नी कळायचं न्हाई, म्हून वाईच दम धरा.

आमच्याकडं पाण्याचं लय हाल. काय सांगू तुमास्नी, बाया कोस कोस जायच्या घागरी घेऊन. पर दारात माणूस आला का आधी पाणी, मंग इचारायचं कुठनं आला, कोण. येकदा माळाकडं परतताना, पाऊस लांबलेला, वाटंवरच्या तळावर दोन माणसं आली, वाट चुकलेली, आन् आमच्या घागरीत तळाला तेवढं पाणी. आईनं ते समदं त्यास्नी दिलं. माझा ल्हाना भाऊ पाणी पाणी करून रडतोय आन् ती माणसं पितायत. मला असा राग आला आईचा. ती गेल्यावर म्या इचारलं, न्हाई म्हून सांगायचं की त्यास्नी, पाणी न्हाई म्हणायचं. तर आई म्हणली, आलेल्या माणसाला न्हाई म्हणत्यात व्हय गं? आन् लागली कामाला. बा घागर घेऊन पाण्याला गेला. तर असं हाय आमच्या बायांचं. मी शहरात राहून न्हाई म्हणायला शिकले, चांगली शिकले, रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला तोंडावर न्हाई म्हणते. शालनला ते कधी जमलं न्हाई.

शालन म्हंजी कोण, ते सांगते. लगीन करून मी साताऱ्यात आले, मालक मार्केटात हमाली करायचं, किल्ल्याच्या पायथ्याला पेठेत आमची भाड्याची खोली हुती. दोन दारं सोडून शालन. ती बी माणातलीच, दहिवडीच्या बाजूची, ती बी नवी नवरी. दोघी बी रडायच्या, म्हून दोघीचं जमलं. सख्ख्या भनीवानी झालो आमी, म्हून तिच्या मालकास्नी मी दाजी म्हणते. दाजी एस्टीत ड्रायव्हर हुतं, सातारा-सांगली गाडी लय वर्सं त्येंच्याकडं. उंच माणूस, भरघोस मिशा, आवाज असा का गल्लीच्या तोंडाला आलं तरी समद्यास्नी कळायचं, दाजी आलं म्हून. सांगलीसनं येताना बेदाणं आणायचं आन् गल्लीतल्या पोरांच्या हातावर ठेवत ठेवत घरापर्यंत यायचं, घरात येईस्तवर पुडी मोकळी. शालन म्हणायची, बायकुसाठी बी ठेवत जावा की दोन. तर म्हणायचं, तुला हौद दिलाय की एवढा.

त्येंच्या घरामागं हौद हाय. घर साधंच, फुडं येक खोली, मागं सैपाकाची, वर पत्रा, पर मागच्या दारानं भाईर पडलं का चार पायऱ्या उतरून दगडी हौद, महाराजांच्या काळातला म्हणत्यात. वर यवतेश्वराच्या डोंगरावनं खापरी नळानं पाणी यायचं गावात, घराघरातनं असं हौद हुतं, आता बरंच बुजवलं, कुणी वर संडास बांधलं, पर शालनच्यात अजून झरतंय. लगीन होऊन आली त्या दिवशी शालन त्या हौदाच्या कडंला बसली आन् पाण्यात हात घालून बसून ऱ्हायली, उठंचना. सासू हसाय लागली, म्हणली माणातली हाय, बसू द्या. तवापासनं दारात कुणी आलं, पोस्टमन आला, मीटरवाला आला, का आधी हौदाचं पाणी आन् गुळाचा खडा, मंग चहा. तिला त्याचा लय अभिमान. पाण्याची ददात बघितलेल्या बाईला पाणी देण्याचा केवढा आनंद असतोय, ते मला ठावं हाय.

मालक वारल्यावर मी किल्ल्याच्या वाटंला ताक आन् उकडलेल्या शेंगा घेऊन बसाय लागले. सकाळी फिरायला येणारी माणसं असत्यात, त्यात येक सर यायचं, कालेजात इतिहास शिकवायचं, मूळचं सांगलीकडचं. त्येंच्या डोक्यात आलं का रविवारी माणसास्नी जुना सातारा पायी फिरवायचा. किल्ला तर समदीच बघत्यात, सर म्हणलं, पर पेठेत काय काय दडलंय ते कुणाला ठावं न्हाई. खरंच हाय ते. आमच्याकडं कुणाच्या परड्यात जुनी तटाची भिंत हाय, कुणाच्या न्हाणीमागं कमान हाय, कुणी कोरीव खांबाला म्हस बांधलीया. पर दारं कोण उघडणार? सर गेलं का बाया म्हणायच्या, मालक घरात न्हाईत, नंतर या. मंग सर मला म्हणलं, मावशी, मी इतिहास सांगतो, तुमी तेवढी दारं उघडा. आन् मी उघडली, बगा. मला समदी पेठ वळखती, कुणाच्या पोरीच्या बाळंतपणाला मी, कुणाच्या मयताला मी, मला कोण न्हाई म्हणणार.

शालनला इचारायला गेले तवा ती भाकरी थापत हुती. दाजींना तवा अर्धांग होऊन वरीस दोन वरीस झालं हुतं. डाव्या अंगाची समदी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं, नुसतं हूं हूं. आतली खोली अंधारी म्हून खाट फुडच्या खोलीत, दाराशी. ज्या माणसानं समद्या गल्लीला हाका मारल्या त्यो आता सख्खा भाऊ आला तरी भिंतीकडं तोंड करायचा. लाळ गळती, पुसाय लागती, आपल्याला कुणी असं बघू नये, एवढंच त्या माणसाला वाटायचं. फक्त शालन आन् मी, आमच्याम्होरं त्येंला लाज वाटत नव्हती. मी गेले का उजवा हात वर करायचं आन् हूं म्हणायचं.

आन् हौदाकडं जायची वाट त्याच खोलीतनं. दुसरी न्हाई. मला ठावं नव्हतं व्हय? म्या शालनला म्हणलं, रविवारी माणसं आणू का गं हौद बघायला? ती भाकरी थापता थापता थांबली. तिनं फुडच्या खोलीकडं बघितलं. मंग म्हणली, आण की, हौद काय माझा येकटीचा हाय? ताई, तिचं ते बघणं म्या बघितलं हुतं. चांगलं बघितलं हुतं. पर म्या तिचं बोलणं तेवढं घेतलं आन् बघणं तिथंच टाकून आले. मी माणातली बाई, मला म्हायती हुतं की ही न्हाई म्हणू शकायची न्हाई, जीव गेला तरी म्हणायची न्हाई. तिनं व्हय म्हणलं ह्यात काय नवल? दुसऱ्या कुणी इचारलं असतं तर त्याला तरी कळलं नसतं. मला कळत हुतं.

मंग रविवार सुरू झालं. पुण्यामुंबईची माणसं यायची, टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन, चांगली माणसं हुती, उगं खोटं कशाला बोलू. सर सांगायचं, नळ कसा आला, उतार कसा काढला, आन् माणसं तोंडात बोट घालायची. शालन पदर खवून पाणी द्यायची. येकानं इचारलं, हे फिल्टरचं आहे का? म्या म्हणलं, आवं राजाच्या वेळंपासनं लोकं पीत आल्यात, त्यातलं आता कुणी हयात न्हाई ते खरं, पर पाण्यानं न्हाई मेलं. समदी हसली. मला असं हसवायला लय आवडायचं. पेपरात माझा फोटू आला हुता सरांच्या शेजारी, भाचा म्हणला, मावशे तू तर गाईड झालीस. गोड लागायचं मला ते, काय खोटं बोलू.

आन् त्या समद्या माणसांची रांग दाजींच्या खाटंजवळनं जायची. माणसं शाणी, हात जोडून नमस्कार आजोबा म्हणायची, ते तर लयच वाईट. दाजी भिंतीकडं तोंड करून पडायचं. शेवटचा माणूस गेला तरी तसंच. मी म्हणायचे, झोप लागली वाटतं दाजीस्नी. कुणाला सांगत हुते मी? माझी मलाच. शालनचं गुडघं धरलं हुतं, एवढ्या माणसांचा चहा करायचा, म्हून म्या माणसास्नी भाईरच सांगितलं, चहा नको म्हणा. त्येंनी नको म्हणलं तर शालन माझ्यावर रुसली. माझ्या घरचा चहा कडू हाय का, म्हणली. मंग म्या तो बी नाद सोडला. चहा नको म्हणायचं मला सुचलं, येऊ नका म्हणायचं काय सुचलं न्हाई.

फुडं सरांनी नवीनच काढलं. माणसं आडदिवशी बी येत्यात, म्हणलं, दर येळी आपण कुठं असणार, तर आपलं आपण फिरता आलं पायजे. भिंतीवर येक ल्हानशी पट्टी लावायची, त्यावर मोबाईल धरला का मोबाईल सांगतोय, हितनं असं जावा, ह्ये बघा, ते बघा. आन् आवाज कुणाचा, तर माझा. सर म्हणलं, मावशी, तुमच्या बोलण्यात जी मजा हाय ती आमच्या बोलण्यात न्हाई. सरांच्या घरात खिडकीला चादरी बांधून बसवलं मला, पंखा बी बंद, घामानं जीव गेला. सर म्हणलं, रविवारी बोलता तसंच बोला. मी बोलले. शालनच्या हौदाचं आलं तवा मी म्हणले, या, आत या, लाजू नका, दार उघडंच असतंय, फुडच्या खोलीतनं सरळ मागं चला, आमची शालन पाणी दील, ते प्याल्याबिगर जाऊ नका. सरांनी सांगितलेलं न्हवं ते. माझ्या तोंडाचं. आन् शालनला म्या इचारलं सुदीक न्हाई. दुसऱ्याच्या घरात मी माणसास्नी बोलावणं धाडलं, आन् परत घरी येऊन मजेत जेवले.

पट्ट्या लागल्या, येक शालनच्या दाराशी बी, आन् मंग येक दिवस दुपारची मी मटकीची उसळ घेऊन शालनकडं गेले हुते. ती दाजींचं अंग पुसत हुती. उघडं करून, जसं पुसाय लागतं तसं. दार नुसतं लोटलेलं, आमच्या पेठेत दिवसा कुणी कडी लावत न्हाई, कडी लावली का माणसं समजत्यात काय तरी वाईट झालं. मी आत पाणी गरम करत हुते. आन् भाईरनं माझा आवाज आला. या, आत या, लाजू नका. मला वाटलं भास झाला. हातातलं भांडं तसंच. तंवर दार ढकलल्याचा आवाज.

पळत फुडं आले. येक माणूस, त्येची बायकू आन् मोठी पोरगी. दारात उभी. दाजींचा उजवा हात चादर धुंडत हुता, चादर पायाशी, हात पोचंना. तोंडातनं असा आवाज काढला त्येंनी, ताई, मेंढरू सापळ्यात घावल्यावर काढतंय तसा. आन् मोबाईल बोलतोयच, माझ्या आवाजात, फुडच्या खोलीतनं सरळ मागं चला. शालननं पदर टाकला त्येंच्या अंगावर, मंग चादर वढली. आन् वली बोटं लुगड्याला पुसत उठली, आन् म्हणली, या, बसा, पाणी देते. अशा टायमाला सुदीक, बगा. अशा टायमाला सुदीक ती त्यास्नी पाणी देते म्हणली.

माझं डोकंच फिरलं. मी वरडले, अक्कल हाय का तुमास्नी, दुसऱ्याच्या घरात शिरताय, चला भाईर, चला. त्यो माणूस बिचारा मोबाईल बंद करायला बघतोय, परत परत बोट दाबतोय, बंद होईना. मी भाईर हो म्हणतेय आन् माझाच आवाज म्हणतोय, आमची शालन पाणी दील, ते प्याल्याबिगर जाऊ नका. त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं, मंग मोबाईलकडं बघितलं. तिला कळलं. खाली मान घालून गेली आईबापामागं. शालन मला म्हणली, त्येंचा काय दोष गं कमळे. कुणाचा दोष ते तिनं सांगितलं न्हाई.

मी तशीच सरांकडं गेले, चपला बी घातल्या न्हाईत. सरांनी समदं ऐकलं, डोक्याला हात लावून बसलं, म्हणलं मावशी, मला खोलीतनं जायचं ठावं हुतं, पर मी हौदाच्याच नादात. चांगला माणूस हाय. त्याच दिवशी शालनच्या दाराची पट्टी काढली, मोबाईलातनं बी काढलं. पर कुणी कुणी आधीच आपल्या मोबाईलात उतरवून ठेवलेलं, कुणी व्हिडिओ करून धाडलेला, ते कुठं सरांच्या हातात हाय? माणसं येतच ऱ्हायली. कमी झाली, पर येतच ऱ्हायली.

दुसऱ्या दिवशी मी दाजींच्या खाटंजवळ बसले. शालन मागं धुणं धूत हुती. मी पायाला हात लावला, म्हणलं दाजी, माझं चुकलं, लय चुकलं, तुमची लाज मी चव्हाट्यावर मांडली, एकडाव माफी करा. त्येंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हात उचलतील. तर हळूहळू, त्येंना वळायला बी येळ लागतोय, हळूहळू भिंतीकडं तोंड केलं. परक्या माणसाला करायचं तसंच. मला वाटलं मान दुखत असंल. मनाची समजूत घालायला माणूस काय बी शोधतंय.

तवापासनं मी आत जायचं सोडलं. रविवारचं फिरवायचं बी सोडलं, सर म्हणलं या, पर माझा आवाजच निघंना. रविवारी सकाळपासनं शालनच्या पायरीवर बसायचे. माणसं आली का म्हणायचे, हितं काय न्हाई बघायला, वाट चुकला तुमी. कुणी म्हणायचं, मावशी, मोबाईलातला आवाज तुमचाच ना? व्हय, माझाच, पर आता सांगते ते खरं हाय, माघारी फिरा. आन् आतनं शालन हाक मारायची, कोण आलंय गं? मी म्हणायचे, कुणी न्हाई. पर तिला चाहूल लागायची, तांब्या घेऊन ती गुडघं धरत धरत गल्लीच्या कोपऱ्यापत्तोर जायची त्येंच्यामागं, पाणी पाजायला. माझ्यावर चिडायची, माझ्या दारातनं माणसं तहानेली घालवतीस, कोण तू? मी म्हणले, मंग तू येकदा तुझ्या तोंडानं न्हाई म्हण, मी उठून जाते. ती तांब्या घेऊन माघारी वळली. तिचं डोळं भरलं हुतं, माझं बी.

आन् ह्या गेल्या रविवारी ऐका. सकाळचीच पाच-सात माणसं आली, मोबाईल हातात. मी उठले, तोंड उघडणार, तर मागं शालन येऊन उभी ऱ्हायलेली. मला वाटलं आता तांब्या आणायला वळंल. तिनं त्या माणसांकडं बघितलं, मंग खोलीत खाटंकडं बघितलं. आन् म्हणली, न्हाई. आजपासनं न्हाई दाखवत. एवढंच, लय हळू. मंग तिनं दार लावलं आन् आतनं कडी घातली. भर दिवसा.

माणसं गेली. मी पायरीवर उभीच. वाटलं, गेल्यात कळल्यावर माझ्यासाठी उघडंल. मी हाक न्हाई मारली, नुसती खाकरले. कडी निघाली न्हाई. थोड्या वेळानं आतनं दाजींचा आवाज आला, हूं, तो पैल्यासारखा, आन् शालन त्येंच्याशी काय तरी बोलत हुती, बारीक आवाजात, नवराबायकू बोलत्यात तसं. मी ऐकत थांबले न्हाई. दुसऱ्याच्या घरातलं लय ऐकलं, लय दाखवलं.

घरी येऊन रडले. वाईट वाटलं म्हून बी आन् बरं वाटलं म्हून बी, आता काय सांगू. मी आता तिकडनं जात न्हाई, खालच्या बोळानं जाते, लांब पडतंय, पडू दे. तुमी तिच्याकडं जाऊ नका ताई, लिवायचं ते माझ्याकडनंच लिवून घ्या. शालनला एवढंच म्हणायचं हाय मला, तिच्यापत्तोर जाणार न्हाई ते, पर म्हणते. लाव बाई, दार लाव. भर दुपारी लाव. तुझ्या घरात कुणाला घ्यायचं ते तू ठरीव, मला घेऊ नगंस. दोघंजण आत सुखानं ऱ्हावा.